आईची एकादशी आणि मानशीचं दार

आमच्या न्हंयला, म्हणजे नदीला, नाव नाही. नकाशावर काही लिहिलेलं असेल तर मी पाहिलेलं नाही. डोंगराच्या पायथ्याशी काजूंच्या मुळांतून ती निघते तिथे तिला झर म्हणतात. माडा-पोफळींतून खाली येते तिथे व्हाळ. शेतात उतरली की न्हंय. आणि मानस ओलांडून पलीकडे गेली की ती आमची राहतच नाही, खारी होते आणि मोठ्या नदीत जाते. वरपासून खालपर्यंत चालत गेलं तर चुलीवर चढवलेले उकडे तांदूळ शिजायच्या आत संपते. एवढीशी. माझी बायको शालन मुळगावची. लग्न होऊन आली तेव्हा बांधावर उभी राहून म्हणाली, "ही न्हंय? आमच्याकडे हिला पाट म्हणतात." शालन गेली त्याला नऊ महिने झाले. घरात आवाज नाही. पुतण्याच्या मुलीने वही आणून दिली, म्हणाली, आजोबा, जुनं काय ते लिहा, नुसते बसू नका. मी चौथी शिकलेला. बोलतो कोकणी, शाळेत मराठी शिकवली म्हणून मराठीत लिहितो. एके काळी यावरूनच आमच्याकडे रस्ते बंद झाले होते. ते दिवस सांगायचे आहेत. कोण बरोबर होतं ते मला विचारू नका. मला तेव्हाही कळलं नव्हतं.

मानस म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. पार्से गावाच्या खालच्या अंगाला आमचा वाडा. तिथली शेतं समुद्राच्या भरतीपेक्षा खाली आहेत. बाबांचा आजा सांगायचा की पूर्वी ते सगळं कांदळाचं रान होतं, चिखल आणि खेकडे. सहा घरांच्या लोकांनी माती, पेंढा, कांदळाच्या फांद्या घालून बांध घातला आणि खारं पाणी बाहेर ठेवलं. किती वर्षं लागली ते कोणी सांगत नाही. पोर्तुगीज आमच्या पेडण्यात आले उशिरा आणि गेले एका दिवसात, बांध होता तिथेच राहिला. पण बांध घातल्यावर न्हंयचं गोडं पाणी बाहेर जाणार कुठून? म्हणून जिथे न्हंय बांधाला भिडते तिथे चिऱ्यांचे खांब उभे करून तीन खण ठेवले आणि त्यांत किंदळाच्या लाकडाची दारं बसवली. ती मानस. सुकती लागली, म्हणजे बाहेरचं पाणी ओसरू लागलं, की दार वर ओढायचं, आतलं गोडं पाणी जाऊ द्यायचं. भरती आली की दार खाली. पावसात भात, कोरगूट नावाचं, थोडं खारं सोसणारं. भात कापून झालं की थंडीत त्याच शेतांत चवळीसारखे अळसांदे, मिरची, कणगी, तांबडी भाजी. त्यांना खारं मुळीच सोसत नाही. सगळा वाडा त्यावर उन्हाळा काढायचा. आणि त्या दाराचा दोर आमच्या घराकडे होता. बाबांकडे, त्याच्या आधी बाबांच्या बापाकडे. वाड्यावर आम्हाला कोणी आडनावाने ओळखत नसे. मानशीकडले म्हणत.

घर बांधाला लागूनच. आवाज म्हटलं तर पाण्याचाच. भरतीला दाराच्या फळ्या खांबांवर आपटत, धब, धब, आणि मी त्या आवाजात झोपायला शिकलो. शालनला पहिलं वर्षभर झोप आली नाही. पहाटे पोदेराच्या, पाववाल्याच्या, सायकलीचा भोंपू यायचा, आई एक उंडो घ्यायची आणि चार तुकडे करायची. अकरा वाजता पेज, खारातलं आंबाडं किंवा भाजलेला सुका बांगडा. दुपारी हुमण, माशांचं कालवण. मानशीच्या खणाला बाबा जाळं लावत, त्यात शेवटे, काळुंदरं, सुंगटं मिळत, त्यामुळे मासळीला आम्हाला बाजार ठाऊक नव्हता. बाबा कमी बोलत. सहीच्या जागी अंगठा देत, पण भरती कधी येणार ते हात धुवावेत तसं सहज सांगत. सगळं तिथीवर असतं. अष्टमी-नवमीला पाणी आळशी. एकादशी-बारशीला थोडंसं येतं, सकाळी लवकर येतं आणि लवकर परततं. अंवसेला आणि पुनवेला पिसाळतं, दुपार होईपर्यंत चढतच राहतं. बाबांनी खांबाच्या चिऱ्यावर पाच खाचा पाडल्या होत्या. बारशीची भरती तिसऱ्या खाचेला येऊन थांबे. अंवसेला पाचवी खाच बुडत असे.

आता तिथी कशी कळायची? पंचांग होतं भटाच्या घरी, पाखाडी चढून. आमच्या घरी पंचांग म्हणजे आई. आई एकादशी धरायची, दोन्ही पक्षांतली. संकष्टी धरायची. आई पेजेला बसली नाही की बाबा विचारत, "आज काय गे?" आणि ती सांगे. त्यावरून बाबा बोटं मोजत आणि दोर घेऊन निघत. बाबांच्या आईनेही तसंच केलं असेल. बायका उपाशी राहायच्या आणि पुरुष त्यावरून पाणी मोजायचे. तेव्हा मला यात काही वावगं दिसलं नाही. आताही मी फक्त लिहून ठेवतो आहे.

त्या वर्षी थंडीत मुळगावहून सांगावा आला, आत्याचा नवरा गेला. बाबा निघाले. आमच्याकडे दोन होड्या. एक हलकी, ती मानशीच्या बाहेर बांधलेली असे, ती घेऊन बाबा मोठ्या नदीपलीकडे गेले आणि तिथून बसने पुढे. दुसरी आंब्याच्या खोडात कोरलेली, जड, शेतातला पेंढा वाहायची, ती आतल्या पाण्यात. जाताना बाबा म्हणाले, "शाणू, अंवसेच्या आत येतो. तोवर भरतीक दाराक हात लावू नको. कोणी कितीही सांगितलें तरी." मी हो म्हटलं. माझं वय एकोणीस-वीस. दादा माझ्यापेक्षा मोठा, तो डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचा, आठवड्याने घरी यायचा. घरी मी, आई आणि दादाची बायको, पोटुशी, नववा लागलेला.

बाबा गेले आणि दोन दिवसांत रस्ते बंद झाले. भाषेचं आंदोलन, राज्याची भाषा कोकणी की मराठी. ठिकठिकाणी झाडं आडवी पडली, मोऱ्या खणल्या, बसेस उभ्या राहिल्या. आमच्या वळणावरची जांभळ पाडायला मीही होतो. कुऱ्हाड माझ्या हातात होती, पहिला घाव दुसऱ्याचा, शेवटचा माझा. का पाडली? सगळे होते म्हणून. वाड्यावर एवढी माणसं एका जागी मी जत्रेशिवाय पाहिली नव्हती. दिवसभर आम्ही त्या झाडावर बसून असायचो, घोषणा द्यायचो, कोणाच्या तरी घरून चहा यायचा, कोणी सुक्या सुंगटांची किसमूर आणि भात आणायचा. तांबड्या भाजीची पाटी डोक्यावर घेऊन एक म्हातारी आली. तिला म्हटलं, आज जायचं नाही, भाषेचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "भाशेचें मागीर बघा रे पुतांनो, माझी भाजी सुकता." सगळे हसले. मीही. तिला आम्ही सोडलं नाही. पाटी घेऊन ती परत फिरली, हसत नव्हती.

दुकानात तांदूळ संपले, मग साखर, मग रॉकेल. पोदेर येईना. हे मला कळत होतं आणि कळत नव्हतं. घरी मी फारसा गेलोच नाही. मानशीकडे तर दुरून पाहायचो, दार खाली आहे ना, आहे. त्या चार-पाच दिवसांत घरी मी एकदाच जेवलो. दुपारची वेळ होती. वहिनी भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती, तिच्यापुढे पेजेची वाटी. आईने मला पेज वाढली, घट्ट होती. मी प्यालो. अजून मागितली. तिने तवली तिरकी करून दुसऱ्यांदा वाढली. मग मी विचारलं, "आये, तुझी?"

"माका उपास आज."

"एकादस?"

ती म्हणाली, "हां. जेव तू."

एकादशी हा शब्द माझा. तिने फक्त हां म्हटलं. हे मी चाळीस वर्षं घोळवत आलोय.

दुसऱ्या दिवशी उजाडताना वहिनीला कळा सुरू झाल्या. आईने भागी सुईणीला बोलावलं. भागीने पोटावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला आणि आईला बाहेर अंगणात घेऊन आली. "आडवें आसा. माझ्या हातांत ना. हिका म्हापशाक व्हरा, आताच." रस्त्यावर आमच्या वळणाची जांभळ, तिच्यापुढे आणखी दोन झाडं, त्यापुढे खणलेली मोरी. पलीकडे गाडी असेल याची खात्री नाही. भागी म्हणाली, "न्हंयेन व्हरा. पलीकडच्या काठावर काय तरी मेळात." होडी होती ती आतली. मानशीवरून उचलून पलीकडे ठेवायला सहा गडी लागले असते. सहा काय, साठ गडी वळणावर झाडावर बसलेले होते. हाक मारून आणायला अर्धा तास. मी तो अर्धा तास धरला नाही. वहिनी ओरडत नव्हती, पदर दातांत धरून होती. तिचा तो आवाज, म्हणजे आवाज नसणं, त्यापुढे अर्धा तास मला फार वाटला.

आम्ही तिला पेंढ्यावर गोधडी घालून होडीत निजवलं. भागी तिच्या डोक्याशी, आई मागे वल्हं घेऊन. मी मानशीवर चढलो. ऊन नुकतंच बांधावर आलं होतं. बाहेर पाहिलं, पाणी तिसऱ्या खाचेला. मी बोटं मोजली. काल एकादशी, आज बारस. बारशीला भरती तिसऱ्या खाचेला थांबते आणि सकाळी लवकर परतते. म्हणजे भरती भरली, आता जरा वेळात सुकती लागेल. बरोबर बसलं सगळं. आभाळात पहाटे चंद्र होता की नव्हता ते पाहायचं सुचलं नाही. पाण्याकडेही नीट पाहिलं नाही. खाच पाहिली. बाबांनी सांगितलेलं आठवलं आणि मी मनात म्हटलं, ते भरतीबद्दल होतं, ही भरती संपली.

दांड्याला दोर गुंडाळून मी मधल्या खणाचं दार वर ओढलं. बारशीचं थांबलेलं पाणी आत येतं ते कसं येतं मला ठाऊक होतं, घरात मांजर येते तसं. हे तसं आलं नाही. हे बैलासारखं आलं. होडी मागे ढकलली गेली, आडवी झाली, आईने वल्हं काठाला रोवून धरलं. मी बाहेरच्या बाजूला उडी घेतली, कमरेएवढ्या पाण्यात, आणि होडीचा दोर खांद्यावर घेऊन ओढायला लागलो. किती वेळ ओढलं सांगता येत नाही. भागी करवंटीने पाणी उपसत होती आणि देवचाराला, बांधाच्या राखणदाराला, शिव्या घालत होती, म्हणत होती, तुका रोट घातला ना रे गेल्या पुनवेक, सोड. होडी खणातून बाहेर आली तेव्हा माझ्या खांद्याची साल गेली होती. मी परत वर चढलो आणि दार सोडलं. दार अर्ध्यावर येऊन तिरकं अडकलं. मी त्यावर उभा राहिलो, नाचलो. खालची फळी कडकन मोडली.

आई होडीतून बघत होती. तिने दाराकडे पाहिलं, शेताकडे पाहिलं. आमचेही चार वाफे होते तिथे, मिरचीचे, तिने स्वतः लावलेले. मग म्हणाली, "शाणू. सोड तें. ये."

मी आलो.

मोठ्या नदीत गेल्यावर पाण्याने आम्हाला वरच्या अंगाला ओढत नेलं. तेव्हा मला कळलं. बारस असती तर एव्हाना पाणी समुद्राकडे वळलं असतं. वल्हवत राहिलो. पलीकडे चिऱ्यांचा एक टेम्पो उभा होता, त्याने चिरे उतरवून आम्हाला घेतलं. त्याचं नाव विचारायचं राहिलं. म्हापशाच्या इस्पितळात पोहोचलो तेव्हा दुपार होत होती. मूल गेलेलं होतं. मुलगी. वहिनी वाचली. भागीने ते मूल पदराने पुसलं आणि आईच्या हातात दिलं, आणि आईने ते धरून ठेवलं, जसं दुकानात कोणी पिशवी धरायला देतं तसं. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. खाली एक माणूस सायकलचं चाक फिरवून बघत होता, फिरवतोय आणि बघतोय. माझ्या डोळ्यांसमोर आजही तेच चाक येतं, मूल येत नाही.

मी दुसऱ्या दिवशी एकटाच परतलो. वाड्यावरच्या लोकांना दार उघडं आहे हे कळलं ते खारं पाणी वळणावरच्या झाडाखालच्या गटारापर्यंत आलं तेव्हा. मग सगळे धावले. सुकती लागल्यावर पेंढा, माती, दरवाजे, दोन खाटा घालून त्यांनी खण बुजवला होता. एका खाटेचे पाय वर निघाले होते. शेतांत अळसांदे भिजलेल्या कपड्यासारखे पडले होते. मिरचीच्या वाफ्यांत काळुंदरं मरून पडली होती आणि कावळे एवढे होते की ते आवाजही करत नव्हते, नुसते खात होते. कोणी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं असं लोक म्हणतात ना, मला तसंही काही वाटलं नाही. मी बांधावर बसलो आणि पाहत राहिलो.

रस्ते उघडले, बाबा आले, आई आणि वहिनी आल्या, दादाही आला. मग देवळापुढच्या मांडावर बैठक बसली. पुरुष पुढे, बायका मागे तुळशीकडे. पुंडलीकमामा सगळ्यांत जाणते, ते बोलले. "दार कोणें उघडलें?"

बाबा उठले. "दार माझ्या घरचें. चूक माझी."

"तू मुळगावाक होतो. तुका कोण विचारता? शाणू, तू उठ." मी उठलो. "जीव वाचवपाक उघडलें, तें समजलें. त्याक कोण दोष दिना. पण अंवसेच्या भरतीक? मानशीकडल्या घरांत जल्मलो तू. खंयची तिथी समजून उघडलें?"

मी म्हटलं, "बारस."

हसला नाही कोणी. मागून एक बाई म्हणाली, "बारस? एकादशी होऊन चार दिवस झाले होते रे तेन्ना."

मी म्हटलं, "ना. आदल्या दिवशी एकादस होती. आयेन उपास केल्लो. मी पेज जेवलों, ती जेवली ना."

मी आईकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती, पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती, लहान मुलीसारखी. भागी तिच्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "गे, तुज्या घरांत तांदूळ नव्हते?" भागीनेच मग सगळ्यांना सांगितलं, मोठ्याने, "तांदूळ नव्हते तिच्या घरांत. पोटुशेक आनी पोराक घालून ही उपाशी." आणि माझ्याकडे वळली. "आनी तू दोनदां मागून जेवलो आसतलो."

मी म्हटलं, "हय."

तांदूळ का नव्हते ते कोणी विचारलं नाही. वळणावरची जांभळ पाडायला त्या मांडावरची निम्मी माणसं होती. पुंडलीकमामा बराच वेळ उपरण्याने मान पुसत राहिले. मग म्हणाले, जें जालें तें जालें, पण दोर आता दुसऱ्या घरांत जावंदी. बाबांनी मान हलवली. घरी जाऊन दोर आणला, नीट गुंडाळलेला, आणि मांडावर ठेवला. ज्याच्या घरात तो गेला त्याच्या पोराला बाबांनी नंतर खाचा समजावून दिल्या. रोज भरतीला बाबा बांधावर जाऊन बसत, काही न करता, मरेपर्यंत. आईला त्यांनी त्या उपासाबद्दल एक शब्द विचारला नाही. आईनेही कधी सांगितलं नाही. नंतरही ती एकादशी धरत राहिली. पण पेजेच्या वेळी मी घरी असलो की माझ्यासमोर बसून दोन शितं तोंडात घालायची, खरी एकादशी असली तरी, मला दिसावं म्हणून. देवाला काय वाटलं असेल ते असो.

गोव्याचं राज्य झालं तेव्हा उन्हाळा संपत होता आणि आमची शेतं मिठाने पांढरी होती. शाळेत मुलांना पेढे वाटले. त्यातला एक पेढा एका पोराने आणून बाबांना दिला, बाबांनी तो खिशात ठेवला आणि त्याला मुंग्या लागल्या. वाड्यावर आमच्या घराला आता मानशीकडले म्हणत नसत. खारे म्हणत. खाऱ्यांचो शाणू. मला मुलगी द्यायला कोणी तयार नव्हतं, त्यात त्यांचं चुकलं असं म्हणत नाही. शेवटी मुळगावच्या आत्याने तिच्या शेजारची एक मुलगी पाहिली. मी सगळं सांगूनच लग्न करणार म्हटलं आणि तिच्या अंगणात बसून सांगितलं, दार, तिथी, पेज, सगळं. शालन भिंतीला टेकून ऐकत होती. तिच्या घरामागची शेतं तांबडी होती, पावसात खाणीची माती वाहून येऊन बसलेली, चिलखतासारखी. ती म्हणाली, "तुमचं मीठ पावसाने जातं ना?" मी म्हटलं, दोन पावसांत जातं. ती म्हणाली, "आमचं हे जात नाही. मीठ बरं."

घरात आल्यावर तिने पहिल्याच आठवड्यात आईसमोर सांगितलं की ती उपास धरणार नाही. एकही नाही. "देव बघून घेईल. या घरात ज्याला भूक लागली त्याने भूक लागली म्हणायचं." आई रागावेल असं मला वाटलं. आई चुलीपाशी गेली आणि त्या दिवसापासून शालनला पहिल्यांदा वाढायला लागली. पुढे सदतीस वर्षं शालन मला रोज सकाळी चहा देताना विचारायची, "शाणू, आज तिथी काय?" मी सांगायचो. ती भिंतीवरच्या कॅलेंडरात बघायची आणि म्हणायची, "बरोबर. पण पेज विचारून जेव." नवऱ्याला अरे-तुरे करते म्हणून बायका नावं ठेवत. आम्हाला मूल झालं नाही. दादा-वहिनीला पुढे मुलगा झाला, तो आमच्याच अंगाखांद्यावर वाढला.

गेल्या वर्षी एका सकाळी तिने मला पेज वाढली आणि स्वतः बसली नाही. मी विचारलं. ती म्हणाली, "माझा उपास आज." मी हसलो, म्हटलं, तुझा? कॅलेंडर पाहिलं. एकादशी होती. खरी, छापलेली. मी म्हटलं, म्हातारपणी देव आठवला, आणि जेवलो. दुसऱ्या दिवशी ती थोडंसं जेवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा उपास म्हणाली, तेव्हा तिथी कुठलीच नव्हती. मग मी पुतण्याला हाक मारली आणि तिला डॉक्टरकडे नेलं. पोटात गाठ होती, बरेच महिने होती, तिला ठाऊक होतं. अन्न जात नव्हतं. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "तू जेवला नसतास." एवढंच. दोन महिन्यांनी गेली.

मानस आता सिमेंटची आहे, लोखंडी दारं आहेत, गंजून अर्धी उघडीच असतात. दोर कोणाकडेच नाही. शेतं पडीक आहेत, कांदळ परत आलंय, बाबांच्या आजाने सांगितलं होतं तसं. तिसऱ्या दिवशी राख घेऊन आम्ही तिथेच गेलो, बाहेरच्या बाजूला, जिथे मी होडी ओढली होती. भट म्हणाले, नवाच्या आत सोडा, वेळ चांगली आहे. पुतण्याने मोबाइलवर तिथी पाहिली आणि सांगायला लागला. मी म्हटलं, नको सांगू. मी खाली उतरलो आणि पाण्यात हात घातला. बोटांवर पाणी शेताकडे ढकलत होतं. भरती. आत्ता सोडली असती तर ती मानशीतून परत आत आली असती, पडीक वाफ्यांत.

पुतण्या म्हणाला, "काका, भट खोळंबलेत."

"खोळंबू दे."

भट गेले, दुसरीकडे काम होतं त्यांना. पुतण्या बांधावर बसला. मी हात पाण्यातच ठेवला. गुडघे दुखायला लागले, मग दुखायचे थांबले. कितीतरी वेळाने पाणी बोटांपाशी थांबलं, ना इकडे ना तिकडे, आणि मग बाहेर जायला लागलं, हळू, घरातून मांजर जाते तसं. मी मडकं उघडलं आणि सोडली.

घरी आल्यावर वहिनीने पेज वाढली. मला भूक लागली होती. मी तसं म्हटलं.